कपडे सोडवायला सही केली आणि दुकान गेलं

माझं ब्लाउज शिवून देण्याचं छोटं दुकान होतं, गाळा भाड्याचा. मालक म्हणाले होते, "ताई, पाच वर्षं निवांत बसा. अकरा महिन्यांचा कागद नुसता नावाला." स्टँपपेपरवर करार झाला, नोटरीचा शिक्का बसला. रजिस्ट्रेशनचं विचारलं तर म्हणाले, "उगाच खर्च कशाला?" त्या भरवशावर मी माळा बांधून घेतला, कटिंगचं मोठं टेबल करून घेतलं, सगळं पदरच्या पैशांनी.

दुसऱ्या वर्षी त्यांना जास्त भाडं देणारा भेटला. आधी "दुसरीकडे बघा" सुरू झालं, मग दुकानाची वीज तोडली. माझं एकाही महिन्याचं भाडं थकलं नव्हतं, पण रोख दिलेल्या भाड्याची पावती मी कधी मागितलीच नव्हती.

ऐन लग्नसराईत एका सकाळी गेले तर शटरला माझ्या कुलपाशेजारी दुसरं कुलूप. नवंकोरं, पितळी. आत गिऱ्हाइकांचे बावीस ब्लाउज. एका मुलीची हळद दुसऱ्याच दिवशी, तिच्या आईचे फोनवर फोन. मालकांनी एक कागद पुढे केला. "एवढी सही करा आणि कपडे घेऊन जा." त्यावर लिहिलं होतं: गाळ्याचा रिकामा ताबा मी राजीखुशीने परत दिला, आमचं काही येणं-देणं राहिलं नाही.

मी सही केली.

वकिलांकडे पोचले ती चार दिवसांनी. त्यांनी कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला. 1963 च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमध्ये कलम 6 आहे. संमतीशिवाय आणि कायद्याचा मार्ग सोडून कुणी तुमचा ताबा काढून घेतला, तर सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो परत मागता येतो. जागा कुणाच्या मालकीची, हा प्रश्न तिथे येतच नाही. आणि मी तर संमती लिहून दिली होती! सही दबावाखाली घेतली हे आता मी सिद्ध करायचं.

करार रजिस्टर नाही म्हणून मी घाबरून गप्प बसले होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चं कलम 55 वकिलांनी वाचून दाखवलं, तेव्हा रडूच आलं. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, उलटं सिद्ध होईपर्यंत. भाडेकरूची वीज-पाणी तोडायलाही कलम 29 ने बंदी आहे. मात्र 1 कोटी रुपये किंवा जास्त भरणा भांडवल (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेले पैसे) असलेल्या कंपनीने गाळा भाड्याने घेतला असेल, तर हा भाडे नियंत्रण कायदा लागू होत नाही. तिथे कराराचा शब्दन् शब्द बघून घ्या.

तुमच्या शटरला असं कुलूप दिसलं, तर आधी फोटो काढा, 112 ला फोन करा, पोलिसांत लेखी तक्रार देऊन पोच घ्या आणि त्याच दिवशी वकील गाठा. आतलं सामान कितीही नडीचं असो, ताब्याच्या कागदावर सही करू नका. भाडं बँकेतूनच द्या.

हळदीचा ब्लाउज वेळेवर पोचला. महिन्याभराने डिपॉझिट मागायला गेले, तेव्हा मालकांनी तोच कागद काढला आणि "काही येणं-देणं राहिलं नाही" या ओळीवर बोट ठेवलं.