जुगार: बंदी घालावी की परवाना द्यावा?

बंदीचा गुण म्हणजे ती सरळसोट असते. जाहिरात नाही, उघड दुकान नाही, त्यामुळे गंमत म्हणून खेळून पाहणारा बहुधा वाचतो. पण ज्याला चटक लागलीय तो चोरवाटेने अड्डा गाठतोच. तिथे जिंकलेले पैसे बुडवले तर दाद कुणाकडे मागायची? आणि उधारी वसूल करायला येणारा काही नोटीस घेऊन येत नाही.

परवाना दिला की निदान हिशेब उजेडात येतो. वय तपासता येतं, पैजेला मर्यादा घालता येते. ब्रिटनने २०१९ मध्ये सट्ट्याच्या दुकानांतल्या यंत्रांवरची कमाल पैज १०० पौंडांवरून २ पौंडांवर आणली, २०२० मध्ये क्रेडिट कार्डावर जुगार खेळणं बंद केलं. चोरट्या अड्ड्यावर हे कोण करणार?

मात्र परवान्याने गणित बदलत नाही. रुलेट म्हणजे फिरत्या चाकावरची गोळी कोणत्या आकड्याच्या घरात थांबेल यावरची पैज. एकच शून्य असलेल्या चाकावर घरं ३७ (० ते ३६), लावलेला आकडा लागला तर नफा ३५ पट. म्हणजे लावलेल्या दर १०० मागे सरासरी २.७ मालकाचे, कायदेशीर असो वा नसो. शिवाय कराची चटक सरकारलाही लागते. मला खरी भीती याचीच वाटते.

तरी माझं मत नियंत्रणाकडे झुकतं, पण कडक. नॉर्वेने २००७ मध्ये जुगाराची यंत्रं काढून टाकली आणि २००९ पासून सरकारी कंपनीची, किती हरता येईल याची मर्यादा असलेली यंत्रं आणली. दोन्ही पर्यायांतलं थोडं थोडं.