मेथोट्रेक्सेट, नऊ महिन्यांनंतर: गुण कधी येतो, घोडं कुठे अडतं

मेथोट्रेक्सेट या औषधाबद्दल पहिल्याच महिन्यात मत दिलं तर ते बहुधा वाईट असतं. मळमळ पहिल्या डोसपासून सुरू होऊ शकते, गुण मात्र सहा ते बारा आठवड्यांनी दिसायला लागतो. म्हणून हा अनुभव नऊ महिन्यांच्या वापरावरचा आहे. आजार आमवात, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस. सुरुवात आठवड्याला १० मि.ग्रॅ. गोळ्यांनी, पुढे टप्प्याटप्प्याने २० मि.ग्रॅ., आणि पाचव्या महिन्यापासून त्वचेखाली इंजेक्शन.

उशीर का लागतो ते एकदा कळलं की धीर धरणं सोपं जातं. औषध रक्तातून दिवसभरात बरंचसं निघून जातं. पण पेशीत शिरलेल्या भागाला ग्लुटामेटच्या शेपट्या जोडल्या जातात आणि तो आतच अडकतो. हा साठा हळूहळू वाढतो, स्थिरावायला कित्येक महिने लागतात. आठवड्यातून एकच डोस पुरतो तो यामुळेच, आणि डोस वाढवल्यावर दुसऱ्या आठवड्यात ‘काहीच फरक नाही’ म्हणणं घाईचं ठरतं तेही यामुळेच.

पहिल्या महिन्यात दुसरी एक फसगत होते. मेथोट्रेक्सेटचा गुण येईपर्यंत सांधे सांभाळायला बहुतेकांना प्रेडनिसोलोन हे झटपट काम करणारं स्टिरॉइड दिलेलं असतं. चार दिवसांत मूठ वळायला लागते, आणि श्रेय मेथोट्रेक्सेटच्या खात्यावर जमा होतं. मग दीड-दोन महिन्यांनी प्रेडनिसोलोन उतरवताना सांधे पुन्हा कुरकुरतात आणि ‘मेथोट्रेक्सेटचा असर संपला’ असं वाटतं. खरं तर त्याचा असर तेव्हा कुठे सुरू होत असतो. प्रेडनिसोलोन साधारण तीन महिन्यांत कमी करत बंद करावं, हेच आजच्या उपचार-शिफारशींचं सांगणं आहे. ते बंद करताच येत नसेल, तर मुख्य औषध कमी पडतंय असं समजायचं.

‘बरं वाटतं’ यावर विसंबू नका, मोजा. सीडीएआय ही मोजणी त्यासाठी सगळ्यात सोयीची, कारण तिला रक्ततपासणी लागत नाही. २८ सांध्यांपैकी किती सुजलेत, किती दाबल्यावर दुखतात, रुग्णाच्या मते आजार ० ते १० मध्ये किती, डॉक्टरांच्या मते किती, या चार आकड्यांची बेरीज. समजा सुजलेले ८, दुखरे १०, रुग्णाचे ६, डॉक्टरांचे ५: झाले २९. २२ च्या वर म्हणजे आजार जोरात. सहा महिन्यांनी २, ३, २, २ असे ९ झाले, तर १० च्या आत, म्हणजे आजार मंद. पूर्ण शांत म्हणायला २.८ किंवा त्याहून कमी हवेत. एक उणीव लक्षात ठेवा: या २८ सांध्यांत घोटे आणि पावलं येत नाहीत. ज्यांचा आजार पायात आहे त्यांची बेरीज छान दिसते आणि चालताना पावलाच्या पुढच्या भागात खडे टोचल्यासारखं दुखत राहतं. तपासणीच्या वेळी मोजे काढायला लावलेच पाहिजेत.

सूज ओळखायची ती हाताने. बोटांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांवर, दोन्ही बाजूंनी अंगठे ठेवून हलकं दाबा. आमवातातली सूज मऊ, स्पंजासारखी दबते. झिजेच्या संधिवातातली गाठ हाडासारखी कडक लागते, आणि तिच्यासाठी मेथोट्रेक्सेटचा डोस वाढवण्यात अर्थ नसतो. सोबत सकाळचा जखडलेपणा मिनिटांत लिहून ठेवा. दीड तासाचा वीस मिनिटांवर आला, तर औषध लागू पडतंय.

आता सगळ्यात गंभीर चुकीबद्दल. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्यामुळे माणसं दगावलेली आहेत. चूक सहसा माणूस बदलतो तिथे होते: रुग्णालयात भरती झाल्यावर, किंवा घरात गोळ्यांचा डबा दुसऱ्या कुणी भरल्यावर. दुसरा सापळा २.५ आणि १० मि.ग्रॅ.च्या गोळ्यांचा. दोन्ही घरात असतील तर कधी ना कधी घोळ होणारच. एकाच ताकदीच्या गोळ्या ठेवा, वार ठरवा आणि तो चिठ्ठीवर पूर्ण शब्दात लिहून घ्या. डोस राहिला तर दोन दिवसांच्या आत घेता येतो. त्याहून उशीर झाला तर सोडून द्यायचा, पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचा नाही. जास्त डोस गेल्याची शंका असेल तर तोंड येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. तिथे फोलिनिक अॅसिड हा उतारा देता येतो.

फोलिक अॅसिड वेगळं आणि फोलिनिक वेगळं. फोलिक रोजच्या वापरातलं: आठवड्याला किमान ५ मि.ग्रॅ., मेथोट्रेक्सेटचा दिवस सोडून. कुणी रोज १ मि.ग्रॅ. घेतात. मळमळ, तोंड येणं, यकृताचे आकडे वाढणं हे सगळं त्याने कमी होतं आणि औषध सोडण्याची वेळही कमी जणांवर येते. ‘मेथोट्रेक्सेट फोलेटच्या (फोलिक हे ज्याचं रूप आहे त्या जीवनसत्त्वाच्या) विरोधात काम करतं, मग फोलिकने त्याचा असर जाणार नाही का?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. पण आमवातातल्या लहान डोसचा असर मुख्यतः शरीरातला दाहशामक पदार्थ अॅडिनोसिन वाढून दाह शमल्यामुळे येतो, असं मानलं जातं. फोलेट अडवणं हा मुख्यतः कर्करोगातल्या उपयोगाचा भाग, आणि तिथले डोस कितीतरी पटींनी मोठे असतात. औषधाच्या कागदावर ‘कर्करोगाचं औषध’ वाचून घाबरणाऱ्यांना हे कुणीतरी बसून समजावायला हवं. याच कुळातलं अॅमिनोप्टेरिन हे औषध भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूतून आलं, १९५१ मध्ये ते आमवातात वापरून पाहिलं गेलं, आणि मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत आमवातासाठी मान्यता मिळाली ती १९८८ मध्ये.

मळमळीवर जे खरंच चालतं ते असं: डोस जेवणानंतर रात्री, दुसरा दिवस सुटीचा येईल असा वार, फोलिक वाढवून पाहणं, आणि तरीही त्रास राहिला तर इंजेक्शन. दुसऱ्या दिवशीचा जडपणा, डोकं भरल्यासारखं वाटणं हे खरं असतं, मनाचे खेळ नव्हेत. महिने गेल्यावर काहींना पिवळी गोळी नुसती दिसली तरी पोटात ढवळतं. मुलांमध्ये हे जास्त दिसतं. शरीर ते शिकलेलं असतं. अशा वेळी नेटाने तसंच रेटत राहिलं तर ते आणखी पक्कं होतं. लवकर मार्ग बदलावा.

गोळ्यांची खरी मर्यादा आतड्यात आहे. आठवड्याला १५ मि.ग्रॅ.च्या वर गेलं की शोषण त्या प्रमाणात वाढत नाही. २५ मि.ग्रॅ.च्या गोळ्या घेऊनही रक्तात पोचतं त्यापेक्षा बरंच कमी. म्हणून गोळ्यांवर ‘मेथोट्रेक्सेट निकामी’ असा शिक्का मारण्याआधी दोन गोष्टी करून पाहाव्यात: तोच डोस एकाच दिवसात बारा तासांच्या अंतराने दोन भागांत घेणं, किंवा सुई. सुईतून घेतलेलं औषध डोसच्या प्रमाणात पोचतं. हा टप्पा गाळून थेट महागड्या बायोलॉजिककडे (दाह पेटवणारे ठरावीक घटक अडवणाऱ्या, जिवंत पेशींत बनवलेल्या औषधांकडे) उडी मारणं मला पटत नाही.

सुई अवघड नाही. औषध सामान्य तापमानाला येऊ द्या. द्रव पिवळा आणि स्वच्छ हवा. बेंबीपासून पाच सें.मी. दूर किंवा मांडीचा पुढचा भाग, दर आठवड्याला जागा बदलून. कातडी चिमटीत धरायची. भरलेलं पेन असेल तर ते काटकोनात दाबून आवाज आल्यावर दहा अंक मोजेपर्यंत उचलायचं नाही. घाईने उचललं की पिवळा थेंब कातडीवर राहतो आणि डोस अर्धवट जातो. नंतर चोळायचं नाही. कुपी आणि सिरिंज वापरत असाल तर मि.लि.वर नव्हे, मि.ग्रॅ.वर लक्ष ठेवा: २० मि.ग्रॅ. म्हणजे २५ मि.ग्रॅ./मि.लि.च्या द्रावणात ०.८ मि.लि., ५० च्या द्रावणात ०.४. सांडलेलं औषध साबण-पाण्याने धुवा, गर्भवतीने हाताळू नये, सुई कडक डब्यात टाका.

रक्ततपासणी पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी, पुढचे तीन महिने दोन-तीन महिन्यांनी, मग दर तीन महिन्यांनी. रक्त पुढच्या डोसच्या एक-दोन दिवस आधी द्या. डोसच्या दुसऱ्याच दिवशी दिलं तर यकृतावरचा ताण दाखवणारा एएलटी हा आकडा तात्पुरता वाढलेला सापडतो आणि विनाकारण औषध थांबतं. पांढऱ्या पेशी ३.५ च्या खाली, न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) १.६ च्या खाली, प्लेटलेट १४० च्या खाली (तिन्ही हजार दशलक्ष प्रति लिटर या मापात), एएलटी १०० च्या वर किंवा एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) १०५ च्या वर गेला, तर पुढचा डोस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नको.

काही ठिकाणी थांबायचंच. कोरडा खोकला, ताप आणि धाप एकत्र आले तर फुप्फुसाच्या दाहाची शंका घ्यायची. हा दाह विरळा आहे, पण जिवावर बेततो. प्रतिजैविक लागण्याइतका संसर्ग असेल तर डोस पुढे ढकलायचा. उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालं तरी तसंच, कारण औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं आणि ते मंदावलं की साचतं. लघवीच्या संसर्गावर सर्रास दिलं जाणारं ट्रायमेथोप्रिम किंवा को-ट्रायमोक्सॅझोल मेथोट्रेक्सेटसोबत नको म्हणजे नको, अस्थिमज्जा बसते. गर्भधारणेचा विचार असेल तर स्त्रीने आधीपासून औषध थांबवणं आवश्यक, सहसा तीन महिने. त्या काळासाठी पर्यायी औषध आधीच ठरवून घ्यावं.

दुष्परिणामांचा प्रामाणिक अंदाज आमवात नसलेल्या लोकांवरच्या एका मोठ्या चाचणीतून मिळतो. हृदयविकाराच्या सुमारे ४,८०० रुग्णांना मेथोट्रेक्सेट किंवा नकली गोळी दिली गेली, निष्कर्ष २०१९ मध्ये आले. हृदयाला फायदा झाला नाही. पण दुष्परिणामांची नोंद मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांत शंभरातल्या सुमारे ८७ जणांत, तर नकली गोळीवाल्यांतही सुमारे ८१ जणांत झाली. मात्र सुरुवातीच्या आठवड्यांत ज्यांना औषध सोसलं नाही ते आधीच वगळले गेले होते, हे विसरून हे आकडे वाचू नयेत.

तीन महिन्यांत ठळक सुधारणा नाही किंवा सहा महिन्यांत लक्ष्य (आजार पूर्ण शांत किंवा निदान मंद) गाठलं नाही, तर उपचार बदलायचा. सोबत सल्फासॅलॅझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन जोडणं हा दुय्यम पर्याय नाही. २०१३ च्या एका चाचणीत ही तिकडी ४८ आठवड्यांनी एटानरसेप्ट हे बायोलॉजिक जोडण्यापेक्षा कमी ठरली नाही. आणि अॅडालिमुमॅबसारखं बायोलॉजिक सुरू झालं तरी मेथोट्रेक्सेट लगेच टाकून देऊ नका. त्याचा लहान डोसही बायोलॉजिकविरुद्ध तयार होणारी प्रतिपिंडं रोखून धरतो.