पर्ल व्हाइटचा दरवाजा

गाडी घेताना हिला पर्ल व्हाइट आवडला. साध्या पांढऱ्यापेक्षा 15 हजार जास्त. उन्हात मोत्यासारखी चमकते म्हणाला सेल्समन, आणि चमकते खरी. ओरखडा आला तर काय, हे तो बोलला नाही आणि मलाही सुचलं नाही.

जुलैत परळला एक टेम्पो मागच्या डाव्या दरवाजाला घासून गेला. विम्याचा क्लेम करावा तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाणार, शिवाय झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसल्यामुळे रंगाच्या मटेरियलवर 50 टक्के घसारा. कंपनीच्या वर्कशॉपने 14 हजार सांगितले, तर कुर्ल्याच्या एका गॅरेजवाल्याने साडेआठ. वर 'थ्री कोट पर्ल' असं लिहूनही दिलं. मी खूश!

गाडी दिली रात्री आठला, ट्यूबलाइटखाली. नवीकोरी दिसत होती. सकाळी हिने बिल्डिंगखाली उन्हात पाहिली आणि म्हणाली, "दरवाजा फ्रिजचा लावलाय का?" बाकी गाडी मोती, दरवाजा नुसता पांढराफटक.

परत गेलो. "दादा, आठ दिवस ऊन खाऊ द्या, रंग मुरतो." लोणचं आहे का ते? तरी मी महिनाभर थांबलो, हा माझा मूर्खपणा.

शेवटी अंधेरीच्या एका जुन्या पेंटरकडे नेली. त्याने रंगाची जाडी मोजायचा मीटर लावला: बाकी पत्र्यावर 110-120 मायक्रॉन, दरवाजावर 600 च्या वर. पोचा ठोकून काढायच्या ऐवजी नुसती लांबी (पुट्टी) थापली होती. मग मोबाइलची बॅटरी तिरकी धरून म्हणाला, "बघा, पर्लचा कणही नाही. डबे किती पाहिले होते तुम्ही?" एकच. झाकणावर मार्करने नंबर लिहिलेला. "पर्लला दोन लागतात."

खाली पांढरा बेस, त्यावर अभ्रकाच्या बारीक कणांचा अर्धपारदर्शक थर, वर क्लिअर कोट. मधल्या थराचे हात कमीजास्त झाले की छटा बदलते. म्हणून आधी नमुन्याच्या पत्र्यावर मारून बघायचं, शेजारच्या पॅनेलवरही रंग विरवत न्यायचा. पैसे लागतात ते इथे. माझ्या गॅरेजवाल्याने मधला थर मारलाच नव्हता.

या पेंटरने 16 हजार घेतले. मारण्याआधी भर दुपारी बोलावून दोन, तीन आणि चार हातांचे नमुने गाडीला लावून दाखवले. हिने तीनचा निवडला. आता दरवाजा कुठला रंगवला ते मलाही शोधावं लागतं.

पहिल्याचे साडेआठ हजार मिळतात का म्हणून 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. त्यांनी बिलाची प्रत मागितली. तेव्हा कुठे मी तो कागद नीट पाहिला: वहीचं फाडलेलं पान, ना जीएसटी नंबर, ना शिक्का, गॅरेजचं नावही नाही.