सिनियरकडून इकॉनॉमिक्स शिकावं का? सोलापुरातला सात-आठ महिन्यांचा अनुभव

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढं येईलच.

मी एस.वाय. बी.ए., मेजर इकॉनॉमिक्स. आमच्या डिपार्टमेंटने या वर्षी असं चालू केलं की टी.वाय. आणि एम.ए.ची पोरं-पोरी आठवड्यातनं दोनदा लेक्चर सुटल्यावर आम्हाला घेऊन बसणार, चार-पाच जणांचा ग्रुप, फी एक रुपया नाही, शिकवणाऱ्याला शेवटी सर्टिफिकेट. बाहेरच्या क्लासला पैसे भरून नोट्स उतरवून घेण्यापेक्षा हे बरं म्हणून नाव दिलं. पण फुकट आहे म्हणून डोळे झाकून जा असं मी म्हणणार नाही, कारण कोण शिकवायला मिळतं त्यावर सगळं आहे.

मला दोघं मिळाले. आधी एक दादा होता, हुशार, म्हणजे खरंच हुशार, तटस्थता वक्र (दोन वस्तूंच्या सारखंच समाधान देणाऱ्या जोड्यांची रेषा) असा काढायचा की छापल्यासारखा, बजेट रेषा (हातातल्या पैशात त्या दोन वस्तू किती किती येतात ती) कुठं टेकते, भाव कमी झाला की रेषा कशी फिरते, सगळं धडाधड बोलत जायचा आणि आम्ही आपलं होय होय करत माना डोलवायचो, समजलं का विचारलं की समजलं, आणि घरी जाऊन कोरा कागद घेतला की पहिली रेषसुद्धा निघेना. दोन महिन्यांनी ग्रुप बदलले तेव्हा एम.ए.ची एक ताई आली. ती पेन हातातच घेत नाही. पेन तुमच्याकडं, कागद तुमच्याकडं, ती फक्त विचारते, "इथं का काढलास? खाली का नाही?" सुरुवातीला लई वैताग यायचा, अगं सांग की एकदाचं असं व्हायचं. पण माझी आकृती स्वतःहून निघायला लागली ती तिच्याकडंच.

एक दिवस सांगतो. विषय होता मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते. आमच्यात मोहोळकडचा एक मित्र आहे, त्यानं वडिलांच्या कांद्याच्या जुन्या पट्ट्या, म्हणजे मार्केटातल्या विक्रीच्या पावत्या आणल्या, डिसेंबर २०२३ मधल्या, निर्यातबंदीच्या आधीची एक आणि नंतरची एक. हमाली, तोलाई कापून हातात काय आलं ते दाखवत म्हणाला, भाव एवढा पडला, माल आमचा दोन्ही वेळा जवळपास तेवढाच, मग लवचिकता शून्य! आम्हाला पण पटलं. ताई म्हणाली, "वडिलांनी विकलेला माल म्हणजे मागणी व्हय रे?" सगळे गप. मग हळूहळू आमच्याकडनंच काढून घेतलं की एकटा शेतकरी कितीही माल आणू दे, त्याच्यानं सोलापूर मार्केटचा भाव हलत नाही, तो मिळेल त्या भावाला विकतो, लवचिकता बघायची तर अख्ख्या बाजाराची आवक आणि भाव बघावा लागतो. बरं म्हणून आम्ही बाजाराचे आकडे घेऊ म्हणालो तर पुढचा प्रश्न, "मधी बंदी आली, त्यानं काय हललं?" निर्यातदार खरेदीतनं गेला म्हणजे मागणीचा वक्रच डावीकडं सरकला, मग बंदीच्या आधीचा भाव आणि नंतरचा भाव हे एका वक्रावरचे दोन बिंदू राहिलेच नाहीत, त्यातनं लवचिकता काढायचीच नाही! "इतर परिस्थिती कायम असताना" हे वाक्य अकरावीपासून पाठ होतं, ते कशासाठी लिहितात ते त्या दिवशी कळलं. मग तिनं साधं गणित घातलं: बाकी काही न बदलता आवक १,००० क्विंटलची १,२०० झाली आणि भाव २,००० वरून १,५०० वर आला, तर बाजारातला एकूण पैसा २० लाखांवरून १८ लाखांवर. माल जास्त, पैसा कमी, कारण मागणी अलवचिक, म्हणजे भाव पडतो त्या मानानं मागणी कमी वाढते. मित्र म्हणाला, हे आमच्या आज्जीला माहीत आहे, पेपरात तिला बसवायला पाहिजे.

सीमांत खर्च (आणखी एक नग काढायला लागणारा जादा खर्च, एमसी) आणि सरासरी खर्च (एसी) एसजीपीए-सीजीपीएवरनं झालं, म्हणजे एका सेमची सरासरी आणि आजवरच्या सगळ्या सेमची सरासरी, या सेमचा एसजीपीए सीजीपीएच्या खाली असेल तोवर सीजीपीए उतरतो, वर गेला की चढतो, म्हणून एमसीची रेषा एसीला तळाशीच कापते. पाच मिनिटांत विषय संपला.

आता तोटे. सिनियर म्हणजे सर नव्हे, चुकतात. ताईनंच एकदा सांगितलं की महागाईचा दर ६ टक्क्यांवरून ३ वर आला म्हणजे भाव उतरले. आम्ही तसंच लिहून घेतलं, आणि पुढच्या आठवड्यात सरांनी लेक्चरला फळ्यावर वर्षागणिक भाव १००, १०६, १०९.१८ असं मांडलं तेव्हा ट्यूब पेटली की भाव चढतच आहेत, फक्त चढायचा वेग कमी झालाय. ताईला सांगितलं तर तिनं दुसऱ्या ग्रुपला पण निरोप धाडला, म्हणून माझा राग नाही, पण सरांना महिन्यातनं एकदा तरी येऊन बसायला काय हरकत आहे? स्टॅटिस्टिक्सला तर जाऊच नका, निर्देशांकाची गणितं त्यांना पण आमच्याएवढीच येतात.

आणि तो कापलेला स्टार. अर्ध्या वर्षात ऑफिसकडनं एक फॉर्म आला, वर मोठ्या अक्षरात "स्लो लर्नर्स", खाली आमची नावं आणि सह्या. नॅकच्या, म्हणजे कॉलेजला ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या, फायलीला लागतं म्हणे. लागत असेल, पण स्वतःहून नाव दिलेल्यांना तुम्ही ढ म्हणून सही करायला लावणार? पुढच्याच आठवड्यात दोन पोरी यायच्या बंद झाल्या, त्यातली एक वर्गात माझ्यापेक्षा पुढं होती. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी कॅम्पसवर १९७३ मध्ये अशीच एक पद्धत सुरू झाली, सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन, त्यात कच्ची पोरं निवडतच नाहीत, जास्त जणांना जड जाणारा विषय निवडतात आणि ज्याला यायचं तो येतो. हे पण ताईनंच वाचून सांगितलं. एवढं साधं आहे, फॉर्मवर "सूक्ष्म अर्थशास्त्र सराव" लिहा की, कोण अडवतंय.

बाकी किरकोळ. खोली मिळेल याची खात्री नाही, कधी लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसलोय. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत सगळं ठप्प. एस.टी.चा पास असलेल्यांनी आधीच वेळ ठरवून घ्या, नाहीतर निम्मं लक्ष घड्याळाकडं. परीक्षा जवळ आली की ग्रुपवर नवीन नवीन चेहरे उगवतात, "ताई आयएमपी सांगा ना", आणि त्याच दिवसांत ताईची स्वतःची परीक्षा असते, त्यामुळं शेवटच्या पंधरवड्यात काही मिळत नाही, मिळणार पण नाही. नाव द्यायचं तर सेम सुरू झाल्या झाल्या द्या, आणि पहिल्या दोन बैठकांत सिनियरनं तुमच्या हातात पेन दिलं नाही तर सरळ ग्रुप बदलून मागा, आमच्याकडं देतात बदलून.