आईच्या कंबरदुखीसाठी विजयाचे थेंब – चार महिन्यांचा अनुभव

आईची कंबर सात वर्षं दुखतेय. सांगलीत विश्रामबागेतल्या वैद्यांनी तपासून विजयाचे थेंब लिहून दिले, म्हणजे भांगेच्या पानांचा अर्क. घरात सगळे घाबरले, पण १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे फुलांचे शेंडे, नुसती पानं त्यात येत नाहीत, त्यामुळे हे आयुर्वेदिक औषध चिठ्ठीवर रीतसर मिळतं.

पहिल्या आठवड्यात तोंड कोरडं आणि सकाळी गरगरायचं, मग वैद्यांनी डोस निम्मा केला. दुखणं गेलेलं नाही पण आई रात्री सलग झोपते, परवा स्वतः बसून चार भाकरी थापल्या, मला भरूनच आलं. ड्रॉपर मात्र एकदम भिकार, थेंब मोजताच येत नाहीत, औषधात असं चालतं का? रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.