लेन्ससाठी पेरॉक्साइड की मल्टिपर्पज?

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या चष्म्याच्या दुकानात कॉन्टॅक्ट लेन्स घेतली की सोबत बहुतेक वेळा मल्टिपर्पजचीच, म्हणजे लेन्स धुवायला आणि ठेवायला एकच द्रावण असलेली बाटली मिळते. वापर सोपा: तळहातावर लेन्स घेऊन द्रावणाने २० सेकंद चोळा, धुवा, डबीत ताजं द्रावण भरून रात्रभर ठेवा. कालच्या द्रावणात नवीन ओतू नका, जंतुनाशक ताकद घटते. अडचण प्रिझर्व्हेटिव्हची, म्हणजे द्रावण टिकवणाऱ्या रसायनाची. काहींचे डोळे त्यानेच चुरचुरतात, लाल होतात.

पेरॉक्साइडच्या द्रावणात प्रिझर्व्हेटिव्ह नसतं. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड जंतू मारतं आणि डबीतली प्लॅटिनमची चकती त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करते. लेन्स जाळीत अडकवा, खुणेपर्यंत भरा, झाकण लावून डबी उभी ठेवा. बुडबुडे उठतील, वायू जायला झाकणाला छिद्र असतं, म्हणून साधी चपटी डबी चालत नाही. पूर्ण ६ तास थांबायचंच. घाईत चौथ्या तासाला लेन्स घातली तर उरलेल्या पेरॉक्साइडने डोळा भाजल्यासारखा होतो. मग लेन्स लगेच काढून डोळा भरपूर धुवा, डॉक्टरांकडे जा. चकती झिजते, त्यामुळे नव्या बाटलीसोबत डबीही नवी. मेडिकलमधलं जखमेचं पेरॉक्साइड तर मुळीच नको.

चुरचुर होत असेल तर पेरॉक्साइडच घ्या. पहाटे पंचवटी एक्सप्रेस गाठायची आणि झोप जेमतेम चार तासांची, तर त्या रात्री मल्टिपर्पज बरं. त्यातलीही काही सहा तास मागतात, लेबल बघा. नळाचं पाणी दोन्हीकडे वर्ज्य. रामकुंडात डुबकीआधी लेन्स काढाच.