टीसीएस लावला, पॅन मागितलाच नाही

6,13,325 रुपये, स्वित्झर्लंडच्या न झालेल्या टूरपायी गेलेले. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा कोणी विचारायला नको. यातला एक रुपयाही मी रोख दिलेला नाही. आमच्या वाडीत ज्याला त्याला वाटतंय की म्हाताऱ्याने पिशवीतून नोटा नेऊन दिल्या. दोन चेक, फर्मच्या नावाचे, क्रॉस केलेले, आणि एक यूपीआय. निवृत्त होईपर्यंत मी सरकारी कचेरीत लेखाशाखेत होतो, लोकांची बिलं तपासायची हेच काम. त्यामुळे "शिकले-सवरलेले असून कसे फसलात?" हे वाक्य मला यापुढे ऐकायचं नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी 2024 च्या दिवाळीनंतर एका हॉलमध्ये 'युरोप माहितीसत्र' झालं. तिथे काय काय असतं ते तुम्ही पाहिलेलं असेलच. चहा, सामोसा, प्रोजेक्टर, "आज नाव नोंदवलंत तर दहा हजार सूट". टूर काढणारा माणूस आपल्यातलाच, शेजारच्या तालुक्यातला, ऑफिस ठाण्याला. त्याच्याबरोबर काश्मीर करून आलेले एक निवृत्त मुख्याध्यापक पहिल्या रांगेत बसले होते. ते खरंच जाऊन आले होते. हीच तर मेख असते.

टूर स्वित्झर्लंडची. मुंबई ते मुंबई टूर मॅनेजर सोबत, एसी बस, रोज रात्री वरण-भात. ल्युसर्न, टिटलिसची गोल फिरणारी केबल कार, इंटरलाकेनला थुन आणि ब्रिएन्झ ही दोन तळी, 3454 मीटरवरचं युंगफ्राउयोख, तिथून दिसणारी आलेच हिमनदी, आल्प्समधली सगळ्यात लांब, वीस किलोमीटरच्या वर. आणि सहाव्या दिवशी फुर्का घाटातून बसने ऱ्होन हिमनदी, बर्फात खोदलेल्या गुहेत फेरफटका. पडद्यावर त्या हिमनदीचा फोटो आला, वर पांढऱ्या चादरी अंथरलेल्या. म्हणाला, "उन्हाळ्यात वितळू नये म्हणून पांघरूण घालतात तिला. काका, पाच-दहा वर्षांनी काय उरेल सांगता येत नाही, आत्ताच बघून घ्या." घरी येऊन पुतण्याकडून तपासून घेतलं. चादरी खऱ्या निघाल्या. आता सांगा, मी आणखी काय तपासायचं होतं?

माणशी 2,65,000. दुसरीकडे याच टूरचे तीन लाखांच्या वर सांगत होते, म्हणजे फुकटात मिळतंय म्हणून धावलो असंही नाही. हिशेब असा: दोघांचे 5,30,000, त्यावर 5 टक्के जीएसटी 26,500, मग एकूण रकमेवर 5 टक्के टीसीएस, म्हणजे टूरवाल्याने आपल्याकडून घेऊन आपल्या नावावर सरकारात भरायचा आयकर, 27,825. झाले 5,84,325. व्हिसा आणि इन्शुरन्सचे वेगळे 29,000. शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालतो तो) फी मोठ्या माणसाला 90 युरो, म्हणजे तेव्हाचे आठ हजारांच्या आसपास. बाकीचे कशाचे, हे आता विचारतोय.

नोव्हेंबरात 1,00,000 चा चेक दिला. डिसेंबरात व्हिसाचे 29,000 यूपीआयने घेतले आणि पासपोर्टही नेले. उरलेले 4,84,325 न्यायला जानेवारीत तो स्वतः घरी आला.

ती दुपार डोक्यातून जात नाही. पुतणीचं लग्न पंधरा दिवसांवर, ओटीवर मांडववाला बसलेला, मागे कलमांवर फवारणी चाललेली. सौ.ने त्याला आग्रहाने जेवायला बसवलं. सुरमईची तुकडी दोनदा वाढली, सोलकढी दोन वाट्या प्यायला, ताट स्वतः उचलून मोरीवर ठेवलं. मग बॅगेतून छापील बिल काढलं. मी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली. टीसीएसच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हा परत मिळतो ना?" "हो तर. काका, रिटर्न भरलंत की रिफंड. खात्यावर दिसेल तुमच्या." एकदम बरोबर उत्तर! ते बरोबर होतं म्हणूनच मी चेकवर सही केली.

पण टीसीएस माझ्या खात्यावर दिसायला त्याला माझा पॅन नंबर नको का? पॅनच नसेल तर ते पैसे सरकारात कोणाच्या नावावर भरणार? फॉर्म 26 एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, उमटणार कुठून? त्याने पॅन आजतागायत मागितलेला नाही. ना हॉलमध्ये, ना फॉर्मवर, ना त्या दुपारी. कचेरीतल्या सगळ्यांची रिटर्न मी भरून द्यायचो, आणि माझ्याच बिलावर पॅनची जागा कोरी आहे हे मला दिसलं नाही. मांडववाला मधेच "काका, खुर्च्या किती?" विचारत होता, त्याला काय करू? परदेशाच्या टूरचे पैसे घेणारा पॅन मागत नसेल तर तिथेच उठा. जेवायला तर मुळीच बसवू नका.

मार्चमध्ये विमानाच्या तिकिटाचा पीएनआर, म्हणजे बुकिंगचा नंबर, पाठवला. कंपनीच्या साइटवर टाकला तर आमची नावं अगदी स्पेलिंगसकट. सौ.ने त्या पानाचा फोटो फोनवर सगळ्या नातेवाइकांना फिरवला. चार दिवसांनी तोच नंबर टाकला तर 'बुकिंग सापडत नाही'. सीट नुसती होल्डवर ठेवली तरी पीएनआर मिळतो, पैसे भरावे लागत नाहीत. तिकीट निघालं की 13 आकडी नंबर येतो. तो मागा. पीएनआरवर नाचू नका.

एप्रिलभर एकच टेप: "शेंगेनचे स्लॉट मिळत नाहीयेत." हेही खरंच असतं, पेपरात येतं. पण पहिल्यांदा हा व्हिसा घेणाऱ्याला बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, आणि निघायची तारीख 6 मे. विचारलं की "दोन दिवसांत कळवतो". मग त्याच्या वडिलांना अ‍ॅटॅक. मग फोन बंद. मी कोकणकन्येने ठाण्याला गेलो. ऑफिसच्या जागी शटर, आणि शटरवर 'भाड्याने देणे'. जागामालकाकडे कापडाच्या दुकानातली पिशवी होती, तिच्यात रबर लावलेले पासपोर्टांचे गठ्ठे. म्हणाला, "तुमचे शोधून घ्या." आमचे दोन्ही मिळाले. एकाही पानावर कसला शिक्का नाही.

त्याच रात्री पुतण्याने आणखी एक काढलं. फुर्का घाट 2,429 मीटरवर आहे, हिवाळ्यात बर्फामुळे बंद होतो तो साधारण मेअखेर-जूनमध्ये उघडतो. बर्फाची गुहासुद्धा उन्हाळ्यातच बघायला मिळते. आणि हा मेच्या दुसऱ्या आठवड्यात बस घाटातून नेणार होता! पत्रकावरच्या प्रत्येक ठिकाणापुढे तारीख लिहा आणि त्या तारखेला ते उघडं असतं का, एवढं बघा. ठिकाणं सगळी खरी होती. माणूस तिथे जाऊन आलेलाच नव्हता, नाहीतर असलं लिहिता ना.

आता ठाण्याचं. म्हणजे पोलीस ठाण्याचं.

आमच्या इथे पहिलं उत्तर मिळालं, "टूर झाली नाही, म्हणजे सेवा दिली नाही. हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा." मी म्हटलं, फसवणुकीचं कलम 318 आहे. "त्याचा हेतू आधीपासून वाईट होता हे कशावरून?" मी पासपोर्टांची पिशवी सांगितली. मग दुसरं उत्तर: ऑफिस तिकडे, तर गुन्हा तिकडे. नव्या कायद्याप्रमाणे, कलम 173, कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, असं मी कागद दाखवून सांगितलं. कागद बघितला, परत दिला. "मोठे साहेब बंदोबस्ताला गेलेत." मुंबईकडच्या पोलीस ठाण्यात गेलो तर ते म्हणाले, चेक तुम्ही गावी दिलात ना, मग तिकडेच करा. मधल्या मध्ये आमची लंगडी. सायबरवाल्यांनी सांगितलं की चेक हा सायबर नव्हे, आणि यूपीआयला चार महिने उलटले. (असले पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा असतो. तेव्हा मी थर्मल कपडे शोधत होतो.) बँक म्हणाली, सही तुमची, चेक तुमचा, समोरच्या खात्याची माहिती गोपनीय. म्हणजे गोपनीयता त्याला, आणि मला? पर्यटनवाल्यांच्या कचेरीत कळलं की टूर काढायला त्यांच्याकडे नोंदणी सक्तीची नाही, ऐच्छिक आहे. वडापावच्या गाडीला लायसन्स लागतं हो या देशात!

या सगळ्यात एका हवालदारांनी विचारलं, "काका, ग्लेशियर म्हणजे नक्की काय?" मी सांगितलं, बर्फाची नदी. "आणि त्यासाठी सहा लाख?" बाकीचे हसले. "आपल्याकडे आंबोली आहे की." मी काय बोलणार? पैसे माझे, आयुष्यभर कोळंबी-भात खाऊन साठवलेले, मी ते बर्फ बघायला घालीन नाहीतर समुद्रात टाकीन. तो प्रश्न चोराला विचारा ना! माझ्या अर्जावर आवकचा गोल शिक्का मारला, नंबर दिला, आणि 'चौकशी चालू आहे' एवढं उत्तर आजपर्यंत तोंडी मिळतंय. मुख्याध्यापकांचेही पैसे अडकलेत, पण ते तक्रार करायला तयार नाहीत. अब्रू जाते म्हणे. सौ. तर हळदीकुंकवाला जायची बंद झाली, कारण तिथे पहिला प्रश्न 'झालं का स्वित्झर्लंड?' हाच.

एकच दार उघडं निघालं. 2019 च्या कायद्याप्रमाणे ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ठाण्याला हेलपाटे नकोत. दोन वर्षांच्या आत करायची. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मला 200 रुपये पडले. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या साइटवर तक्रार ऑनलाइन भरली. हॉलमधलं पत्रक, बिल, चेकच्या झेरॉक्स, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज सगळं जोडलं. मेसेज डिलीट करू नका, राग आला तरी. आणि दुसऱ्या कोणाबरोबर जाणार असाल तर शेवटचा हप्ता व्हिसाचा स्टिकर पासपोर्टवर बघितल्यावर. तो "नाही" म्हणाला तर म्हणू दे, घरी बसा.

आयोगाची त्याला पाठवलेली नोटीस 'पत्त्यावर कोणी नाही' असा शेरा मारून परत आली. आता त्याच्या गावच्या घरी पाठवायची आहे. त्या घरी मी स्वतः जाऊन आलो. अ‍ॅटॅक आलेले वडील पडवीत सुपारी सोलत बसले होते, ठणठणीत.

गेल्या आठवड्यात एका ओळखीच्याने नवं पत्रक पाठवलं. फर्मचं नाव वेगळं, फोन वेगळा, शेवटच्या पानावरचा बसचा फोटो तोच. या वेळी हिमाचल: बर्फाचे डोंगर, ग्लेशियर, चंद्रताल सरोवर. निघायची तारीख नोव्हेंबरच्या मध्यावर, तोवर त्या सरोवराकडचा रस्ता बर्फाने बंद झालेला असतो. बुकिंगचे 5,000. पत्रकाची एक प्रत आयोगाच्या फाइलला जोडली, एक पोलीस ठाण्यात नेऊन दिली. शिक्का मिळाला.